नवी सायकल, जुने लीव्हर

नवी सायकल घरी आली की पहिले आठ दिवस तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला आपल्याला खपत नाही. सीटवरचे प्लॅस्टिकही काढवत नाही. नवव्या दिवसापासून मात्र आपलेच हात शिवशिवू लागतात. ही घंटी नको, ती हवी. या मुठी बदलाव्यात. मित्राच्या सायकलीला आहेत तसले गिअर आपल्याला का नसावेत? यात वावगे काहीच नाही. सायकलीसारखे उघडे यंत्र दुसरे नाही. तिचे जवळजवळ सगळे भाग डोळ्यांना दिसतात आणि एक-दोन पाने हाताशी असले की ते सुटेही करता येतात. पण सुटा झालेला भाग दुसऱ्या सायकलीवर बसला म्हणजे तो तिथे काम करीलच असे नाही. बसणे वेगळे आणि चालणे वेगळे. माझ्या परिचयाच्या एका मुलाला हा फरक तुळजापूरच्या घाटात कळला. त्याचीच हकीकत आज सांगतो.

धाराशिव जिल्ह्याचा नकाशा पाहिलात, तर बालाघाटच्या डोंगररांगा त्यातून गेलेल्या दिसतील. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, तर तुळजापूर साडेसहाशे मीटरच्या आसपास. सोलापूरकडून येताना या चढाचा शेवटचा भाग घाटातून चढावा लागतो. कोजागरीला सोलापूरहून पायी जाणाऱ्यांना तो चांगला ठाऊक असतो. आमचा हा नववीतला मुलगा घाटाखालच्या एका गावात राहतो. त्याला २१ गिअरची नवी सायकल मिळाली होती. पुढे तीन दातेरी चाके, मागे सात, दोन्ही चाकांना तारेने चालणारे डिस्क ब्रेक. गिअर बदलायचे ते हँडलची मूठ पिळून.

ही पिळायची मूठ त्याला आवडेना. घामाने हात निसटायचा, आणि चढावर जोर लावून हँडल ओढले की मूठ आपोआप फिरून नको तो गिअर पडायचा. तक्रार खरी होती. तुळजापूरला त्याच्या मामांच्या घरी मामेभावाची जुनी १८ गिअरची सायकल पडून होती. तिच्या हँडलवर ब्रेकचा लीव्हर आणि अंगठ्याने चालणारा गिअरचा शिफ्टर हे दोन्ही एकाच सांगाड्यात होते. दोघा भावांनी एका दुपारी ते काढले आणि नव्या सायकलीवर चढवले. नट बसले, तारा पुरल्या. गल्लीत दोन चकरा मारल्या. ब्रेक लागत होते. गिअर पहिले दोन-तीन नीट पडत होते, पुढे जरा खडखड होती. "होईल सवयीने," असे म्हणून स्वारी घाट उतरायला निघाली.

दुसऱ्या वळणाआधी त्याने ब्रेक दाबला. दोन्ही लीव्हर हँडलला जाऊन टेकले आणि सायकल मात्र पळतच राहिली. त्याने प्रसंगावधान राखून सायकल डोंगराच्या बाजूच्या मुरमात घातली आणि पाय घासत थांबवली. गुडघा सोलवटला, चपलेचा तळ गेला, एवढ्यावर निभावले. समोरून ट्रक येत असता तर काय झाले असते, हे तुम्हीच ठरवा.

"सर, ब्रेक पूर्ण दाबला होता. लागलाच नाही," असे तो मला सांगत होता. आणि ते अक्षरशः खरे होते. दाबण्यात कसर नव्हती. कसर होती ती हिशेबात.

अडकित्ता आणि ब्रेक

तुमच्या सायकलीचा ब्रेकचा लीव्हर जवळून पाहा. ज्या खिळीभोवती तो फिरतो तो त्याचा टेकू. तारेच्या टोकाचा शिशासारखा मणी ज्या खाचेत बसतो, ती जागा टेकूजवळ असते. तुमची बोटे टेकूपासून लांब असतात. म्हणजे ही झाली तरफ. आजीचा अडकित्ता आठवा. सुपारी टेकूच्या जितकी जवळ, तितकी ती सहज फुटते. येथे सुपारीच्या जागी तार आहे एवढेच.

आता थोडे गणित करू. समजा, तुमची बोटे टेकूपासून ८ सेंटिमीटरवर आहेत आणि तुम्ही ४० न्यूटन बलाने लीव्हर दाबता. तारेचा मणी टेकूपासून २ सेंटिमीटरवर असेल, तर यांत्रिक फायदा ८ भागिले २, म्हणजे ४. तारेला १६० न्यूटन ओढ मिळेल. पण बोटे ४ सेंटिमीटर आत आली की तार मात्र १ सेंटिमीटरच ओढली जाईल.

दुसऱ्या लीव्हरमध्ये तोच मणी टेकूपासून ३.२ सेंटिमीटरवर आहे असे धरा. आता यांत्रिक फायदा अडीच. ओढ १०० न्यूटनच मिळेल, पण तार १.६ सेंटिमीटर सरकेल. गुणाकार करून पाहा: ४० गुणिले ४, १६० गुणिले १, १०० गुणिले १.६. तिन्हींचे उत्तर १६० च येते. घर्षण सोडले, तर हाताने केलेले कार्य आणि तारेला मिळालेले कार्य सारखेच. जे बलात मिळवाल ते अंतरात द्यावे लागते. या व्यवहारात घासाघीस चालत नाही.

दोन्ही प्रकारचे लीव्हर बाजारात असतात आणि दुरून ते अगदी सारखे दिसतात. रिमला वरून चिमट्यासारखे पकडणारे जे साधे कॅलिपर ब्रेक असतात, त्यांना कमी तार ओढणारा लीव्हर लागतो. दोन उभ्या भुजांचे जे व्ही-ब्रेक असतात, त्यांना जास्त तार ओढणारा. आणि खडबडीत रस्त्याच्या सायकलींवर तारेने चालणारे जे डिस्क ब्रेक येतात, तेही सहसा जास्त तार मागणारे असतात. शर्यतीच्या सायकलींसाठी कमी तारेवर चालणारे डिस्क ब्रेकही निघाले आहेत, म्हणून नुसत्या 'डिस्क' या नावावर जाऊ नये. तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक ही तर निराळीच जात. त्यांचा लीव्हर आणि कॅलिपर एकाच नळीने जोडलेले असतात, तेथे तारेच्या लीव्हरचे कामच नाही.

आमच्या मुलाने जुन्या सायकलीवरचे कॅलिपरचे लीव्हर आणले होते. ते तार कमी ओढतात. नव्या डिस्क ब्रेकला पॅड तबकडीवर आवळायला जितकी तार हवी होती, तितकी देण्याआधीच लीव्हर हँडलला टेकला. मग गल्लीत ब्रेक लागला तो कसा? त्याने तार ताणून इतकी घट्ट बांधली होती की पॅड तबकडीला जवळजवळ टेकलेच होते. पण तारेचे आवरण हलवून पुन्हा बसवले, की पहिल्या काही दाबांत ते आपल्या टोप्यांमध्ये किंचित आत सरकते. एक-दोन मिलिमीटर ढिलाई तेवढ्यानेही येते. जास्त ओढणाऱ्या लीव्हरला ती पचली असती. याला नाही पचली.

उलटी चूकही होते आणि ती अधिक फसवी असते. जास्त तार ओढणारा लीव्हर कमी तारेच्या ब्रेकला जोडला, तर लीव्हर थोडासा हलतो आणि दगडासारखा घट्ट लागतो. हाताला वाटते, वा, काय कडक ब्रेक आहे! प्रत्यक्षात चाकावर बल कमीच पडलेले असते. म्हणून हाताला काय वाटते यावर ब्रेकची परीक्षा करू नका. फूटपट्टी घेऊन टेकूपासून मण्यापर्यंतचे अंतर मोजा. बदलायचा लीव्हर आणि मूळचा लीव्हर शेजारी शेजारी ठेवून मोजलेत, तर दोन मिनिटांत उलगडा होईल. एकात ते २ सेंटिमीटरच्या आसपास आणि दुसऱ्यात ३ किंवा त्याहून अधिक निघाले, तर ती अदलाबदल करू नये.

तारेची गंमत

आजोबांच्या काळ्या उंच सायकलीला ब्रेकची तार नव्हती, सळया होत्या. लीव्हर दाबला की सळई वर ओढली जाई आणि रबरी गुटके रिमला आतून लागत. सळई वळणे घेऊ शकत नाही, म्हणून जागोजाग सांधे आणि खिळ्या. तार मात्र कशीही वळते. पण वळलेली दोरी ओढली की ती सरळ व्हायला बघते. मग वाकडीतिकडी गेलेली ब्रेकची तार ओढ पोचवते कशी?

तिच्याभोवती आवरण आहे म्हणून. आतली तार जितक्या जोराने ओढली जाते, तितक्याच जोराने बाहेरचे आवरण दाबले जाते. ते दोन टोकांना टेकून उभे असल्यामुळे तारेला सरळ होऊ देत नाही. अर्नेस्ट बाउडन या गृहस्थाने १८९६ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले, म्हणून तिला बाउडन केबल म्हणतात. सायकलीचा ब्रेक, मोटारसायकलीचा क्लच, यांत ती अजूनही आहे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. ब्रेकच्या तारेचे आवरण आणि गिअरच्या तारेचे आवरण वरून काळ्या नळीसारखे सारखेच दिसते, पण आत फरक असतो. ब्रेकच्या आवरणात चपटी पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ती मजबूत, पण हँडल वळवले की तिची लांबी किंचित बदलते. ब्रेकला त्याने काही बिघडत नाही, गिअरला बिघडते. म्हणून गिअरच्या आवरणात बारीक तारा लांबीच्या दिशेने सरळ घातलेल्या असतात. त्यामुळे लांबी बदलत नाही, पण ब्रेकचा जोर आला तर त्या तारा नळी फाडून बाहेर येऊ शकतात. गिअरचे आवरण ब्रेकला कधीही वापरू नये. "एवढीच उरली आहे, घालू का?" असे कोणी विचारले तर स्पष्ट नाही म्हणावे.

छोटी तबकडी, मोठा जोर

डिस्क ब्रेक म्हणजे चाकाच्या तुंब्याला जोडलेली पोलादी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅड. सायकलीवर ही तबकडी बहुधा १६० मिलिमीटर व्यासाची असते. आता असे पाहा, साधा ब्रेक रिमला आवळतो, आणि रिम ही सुद्धा एक तबकडीच आहे, चांगली अर्धा मीटरहून मोठी! मग मोठी तबकडी टाकून लहान का घ्यावी?

आधी तोटा मोजू. मुलगा आणि सायकल मिळून ६० किलोग्रॅम धरा. ताशी २० किलोमीटर वेगावरून सुमारे ५ मीटरमध्ये थांबायचे, तर टायर आणि रस्ता यांच्यामध्ये साधारण १८० न्यूटन बल लागते. टायरची त्रिज्या ३३ सेंटिमीटर. रिमवर ब्रेक लागतो ती जागा आसापासून सुमारे २७ सेंटिमीटरवर. बल आणि त्रिज्या यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखा हवा, म्हणून रिमवर २२० न्यूटन घर्षणबल पुरे. तबकडीवर पॅड लागतो ती जागा मात्र आसापासून फक्त ७ सेंटिमीटरवर. तेथे सुमारे ८५० न्यूटन लागतील. जवळजवळ चौपट!

एवढा जोर आणायचा कोठून? यातच खुबी आहे. खड्ड्यात आपटून रिम थोडीफार वाकडी होतेच, म्हणून गुटके तिच्यापासून दोन-तीन मिलिमीटर दूर ठेवावे लागतात. तबकडी लहान, ती सरळ फिरते, म्हणून पॅड तिच्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठेवता येतात. पॅडला प्रवास थोडाच करायचा असल्यामुळे कॅलिपरच्या आतली तरफ अंतर सोडून बल घेऊ शकते. पुन्हा तोच व्यवहार. आणि म्हणूनच डिस्क ब्रेकमध्ये तारेच्या एक-दोन मिलिमीटरच्या ढिलाईने इतका फरक पडतो.

आता फायदा. तो पाहायला पावसाळ्यात आपल्या काळ्या रानातून सायकल घेऊन जा. काळी माती ओली झाली की चिकणमातीसारखी टायरला धरते, मडगार्डात आणि ब्रेकच्या चिमट्यात जाऊन बसते, आणि थोड्या वेळाने चाक फिरेनासे होते. मग काडीने खरडत बसा! परंडा असो की उमरगा, शेतातल्या वाटेने शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना हे सांगायला नको. रिम ओली असली तर ब्रेक दाबल्यावर पहिल्या काही फेऱ्या नुसते पाणी पुसण्यात जातात. मातीतले खडे गुटक्यात रुतून रिम घासतात ते निराळेच. तबकडी या सगळ्यापासून हातभर वर, चाकाच्या मध्यावर असते. तिच्यावरची भोके पाणी आणि धूळ बाजूला जायला उपयोगी पडतात. मडगार्डात चिखल मात्र तिच्यामुळे थांबत नाही, तो खरडावाच लागतो.

धुळीने डिस्क ब्रेकचा एकदा चांगलाच पराभव केला होता, बरे का. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये मोटारीसाठी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याने पॅडसाठी तांबे वापरले. त्या काळच्या कच्च्या, धुळीच्या रस्त्यांवर मऊ तांबे भराभर झिजे आणि ब्रेक कर्कश किंचाळे. कल्पना उत्तम होती, पण तिला पेलणारा पदार्थ सापडायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

आणि उष्णता? आपल्या ६० किलोग्रॅमच्या जोडीने घाटात १०० मीटर उंची उतरली, तर स्थितिज ऊर्जा किती गेली? ६० गुणिले ९.८ गुणिले १००, म्हणजे ५८,८०० ज्यूल. तीस अंशांवरचे एक पेलाभर, म्हणजे २०० ग्रॅम पाणी उकळीपर्यंत न्यायला बरोबर तेवढीच ऊर्जा लागते. सारे मार्गभर ब्रेक दाबून सावकाश उतरलात, तर यातला मोठा भाग ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. रिमचा ब्रेक असेल तर ती उष्णता टायर-ट्यूबच्या शेजारीच निर्माण होते. तबकडी ती ट्यूबपासून दूर ठेवते आणि हवेत सोडते. पण स्वतः तापते. घाट उतरल्यावर तिला बोट लावून पाहण्याचा मोह टाळा.

एक गैरसमजही येथेच काढून टाकू. डिस्क ब्रेक लावला की सायकल निम्म्या अंतरात थांबते, असे पुष्कळांना वाटते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगला रिम ब्रेकसुद्धा मागचे चाक उचलले जाईल इतका जोर पुढच्या चाकावर लावू शकतो. त्यापुढे ब्रेक कितीही जबर असला तरी उपयोग नाही. मर्यादा ब्रेकची नसते, तुमच्या तोलाची आणि टायरच्या पकडीची असते. फायदा आहे तो ओल्यात, चिखलात आणि लांब उतारावर. नुसती शाळा ते घर अशी सपाट डांबरी वाट असेल, तर डिस्कसाठी मुद्दाम खर्च करावा असे मला तरी वाटत नाही.

अर्ध्या मिलिमीटरचा घोळ

आता गिअरकडे वळू. चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागाला डिरेलर म्हणतात. फ्रान्सभरच्या प्रसिद्ध शर्यतीत, म्हणजे तूर द फ्रान्समध्ये, तो वापरायला परवानगी मिळाली १९३७ मध्ये. त्यानंतर कित्येक वर्षे डिरेलर चालवणारा दांडा नुसता घर्षणावर थांबत असे. चेन दात्यावर नीट बसली की नाही हे कानाने ओळखायचे आणि दांडा किंचित पुढे-मागे करायचा. कुठलाही दांडा कुठल्याही डिरेलरला चाले, कारण मोजमाप चालवणाऱ्याच्या कानात होते.

१९८४ च्या सुमारास शिमानो या जपानी कंपनीने 'टक्' असा आवाज करून ठरावीक जागी थांबणारा शिफ्टर रूढ केला. आतमध्ये खाचांची चकती असते. एक टक् म्हणजे ठरलेली तार, ना कमी ना जास्त. काम सोपे झाले, पण आता मोजमाप शिफ्टरच्या पोटात गेले, आणि ते मागच्या दातेरी चाकांशी जुळणे भाग झाले.

जुन्या सायकलीला मागे सहा चाके होती. सहाच्या संचात दोन लगतच्या चाकांतले अंतर सुमारे ५.५ मिलिमीटर असते. सातच्या संचात जागा जवळजवळ तेवढीच, पण चाक एक जास्त, म्हणून अंतर सुमारे ५ मिलिमीटर. या जातीचा डिरेलर तार जितकी सरकेल त्याच्या १.७ पट स्वतः सरकतो. म्हणजे सहाच्या शिफ्टरला एका टक्ला ३.२ मिलिमीटर तार ओढायची असते आणि सातच्या शिफ्टरला २.९. गुणून पाहा, जमते.

मग सहाचा शिफ्टर सातच्या चाकांवर लावला की काय होईल? पहिल्या टक्ला चूक अर्धा मिलिमीटर. डिरेलरच्या वरच्या कप्पीला आडवी थोडी सैल हालचाल मुद्दाम ठेवलेली असते, तिच्यात ती खपून जाते. दुसऱ्या टक्ला चूक एक मिलिमीटर. तिसऱ्याला दीड, आणि खडखड सुरू. पाचव्याला अडीच मिलिमीटर, म्हणजे चेन बरोबर दोन चाकांच्या मध्यावर. त्यावर टक् संपले! शिवाय सहा जागांच्या शिफ्टरला सातवे चाक कधीच गाठता येणार नाही, ते निराळेच. घड्याळ रोज एक मिनिट मागे पडावे आणि आठवड्याने बस चुकावी, तशी ही चूक साठत जाते. सवयीने ती जाणार नव्हती.

कंपन्या बदलल्या की हिशेब आणखी बदलतो. स्रॅम या कंपनीच्या एका जातीत डिरेलर तारेच्या सुमारे १.१ पटच सरकतो, म्हणून तिचा आठ जागांचा शिफ्टर एका टक्ला ४.३ मिलिमीटर तार ओढतो. तो शिफ्टर वरच्या १.७ पटीच्या डिरेलरला जोडून पाहा, कागदावरच हं! डिरेलर एका टक्ला सात मिलिमीटरहून अधिक उडी मारील. दोन्ही वस्तू उत्तम, पण एकमेकींच्या नव्हेत.

डावीकडचा, पुढच्या तीन चाकांचा शिफ्टर मात्र आमच्या मुलाला त्रास देत नव्हता. जुन्या सायकलीलाही पुढे तीनच चाके होती.

ज्या सायकलीला डिस्क नाही

ही हकीकत मी वर्गात सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, माझ्या साध्या सायकलीला डिस्क बसवून मिळेल का?" प्रश्न चांगला आहे. कॅलिपर विकत मिळतो, तबकडीही मिळते. पण तबकडी बसायला तुंब्यावर सहा स्क्रूंची भोके किंवा तशी खाच हवी, आणि कॅलिपर बसायला पुढच्या चिमट्याच्या पायावर व मागे फ्रेमवर कान हवेत. साध्या सायकलीला यांतले काही नसते.

"वेल्डिंग करून कान लावू," असे कोणी म्हणेल. लावू नये. रिमचा ब्रेक चिमट्याच्या वरच्या जाड भागाला धरून असतो. डिस्कचा जोर चिमट्याच्या डाव्या पायाच्या खालच्या टोकाला, एकाच बाजूला येतो. ज्या पायाची नळी त्यासाठी केलेलीच नाही आणि वर वेल्डिंगच्या आचेने कच्ची झाली आहे, ती ऐन ब्रेक दाबताना वाकली तर? शिवाय कॅलिपर चिमट्याच्या मागे असला की ब्रेकचे बल आस खाचेतून खाली ढकलू बघते. डिस्कच्या सायकलीतसुद्धा पुढच्या चाकाचे नट चांगले आवळलेले आहेत ना, हे अधूनमधून पाहावे ते याचसाठी.

आऱ्यांचाही विचार करा. रिमचा ब्रेक थेट रिमलाच थांबवतो. डिस्क थांबवते तुंब्याला, आणि तुंब्याने थांबवायचे रिमला, तेही बारीक आऱ्यांमार्फत. आरे तुंब्यापासून सरळ बाहेर गेलेले असतील तर त्यांना ही पिळण पोचवता येत नाही. म्हणून डिस्कच्या चाकाचे आरे तिरपे, एकमेकांना छेदून विणलेले असतात.

आमच्या मुलाने शेवटी काय केले? नव्या सायकलीचे मूळ ब्रेकचे लीव्हर जपून ठेवलेले होते, ते परत बसवले. पिळायची मूठ मात्र त्याला नकोच होती. तिच्या जागी सात जागांचा, त्याच जातीच्या डिरेलरला चालणारा, अंगठ्याचा सुटा शिफ्टर घेतला. तार बांधताना चेन सर्वांत लहान चाकावर ठेवली. मग एकेक टक् देत, खडखड झाली तर तारेच्या टोकाची बारीक जुळवणीची फिरकी पाव-पाव फेरा फिरवत गेला. डिरेलरवरचे मर्यादेचे दोन स्क्रू त्याने उगाच हलवले नाहीत. त्यांतला एक चेनला आऱ्यांत जाण्यापासून अडवतो, आणि चढावर जोर लावताना चेन आऱ्यांत गेली की मागचे चाक जागच्या जागी अडकते.

पॅडही त्याने नवे घेतले, कारण पहिल्या खटाटोपात चेनला लावलेले शिलाई मशीनचे तेल तबकडीवर उडाले होते. पॅड तेल पितात, मग ते किंचाळतात आणि धरत नाहीत. पुसून ते निघत नाही. नवे पॅड बसवल्यावर सपाट रस्त्यावर वीसेक वेळा, आधी हळू आणि मग जरा वेगात, ब्रेक दाबून सायकल जवळजवळ थांबवायची. त्यामुळे पॅडचा पातळ थर तबकडीवर सारखा बसतो आणि पकड वाढते.

मग मी त्याला सायकलीशेजारी उभे राहून एकेक लीव्हर पूर्ण दाबायला आणि सायकल पुढे ढकलायला सांगितले. उजवा दाबला की पुढचे चाक अडते ना आणि डावा दाबला की मागचे, हेही पाहिले. आपल्याकडे बहुधा तशीच जोडणी असते आणि बदलाबदलीत तारा उलटसुलट होतात. लीव्हर हँडलपासून दोन बोटांवर येऊन थांबत होते. त्याने पंधरा वेळा दाबून पुन्हा मोजले. दोन बोटेच. पुढच्या रविवारी तो मामांकडे गेला, आणि येताना घाटातल्या त्या दुसऱ्या वळणावर, मुरमात उमटलेली आपलीच जुनी रेघ दिसते का ते पाहायला थांबला. पावसाने ती पुसून गेली होती.